ओबरआमरगाऊ : एका गावाचा न फिटणारा नवस

शेवंती_आ

२०१९ च्या उन्हाळ्यात लिंडरहोफचा राजवाडा बघून परतताना आम्ही कॉफीसाठी एका गावात थांबलो. कॉफी आणणाऱ्या पोराचे केस मानेवर रुळणारे. शेजारच्या लाकडी मूर्तींच्या दुकानातले काका भरघोस दाढीवाले, डोक्यावर बुचडा. टपाल वाटत फिरणारा माणूसही तसाच. नवरा म्हणाला, "गावातला न्हावी संपावर गेलाय का?" मी कॉफीवाल्या पोरालाच विचारलं. तो हसला. "पुढच्या वर्षी नाटक आहे ना!"

असं मला ओबरआमरगाऊ कळलं. म्युनिकच्या नैऋत्येला नव्वदेक किलोमीटरवर, आल्प्सच्या पायथ्याशी, जेमतेम पाच हजारांवर वस्ती असलेलं गाव. तिथे दर दहा वर्षांनी येशूच्या अखेरच्या दिवसांचं नाटक होतं आणि त्यात गावचीच माणसं असतात. जन्म गावातला हवा, नाहीतर वीस वर्षं गावात राहिलेलं हवं. नाटकाच्या आदल्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, फर्मान निघतं, की आता कोणी केस कापायचे नाहीत, पुरुषांनी दाढी करायची नाही. रोमन शिपाई होणाऱ्यांना तेवढी सूट, कारण रोमन तुळतुळीत असायचे. विग वापरायचा नाही हा यांचा हट्ट.

याची मुळं प्लेगमध्ये आहेत. युरोपात तीस वर्षांचं युद्ध चालू होतं, आजूबाजूला साथ पसरलेली. या गावाने वेशीवर पहारे बसवून स्वतःला वाचवलं होतं. १६३२ च्या सप्टेंबरात कास्पार शिसलर नावाचा, दुसऱ्या गावी मजुरीला गेलेला माणूस चर्चच्या जत्रेला घरी यायचं म्हणून पहारा चुकवून आत शिरला, अशी कथा सांगतात. सण म्हटल्यावर माणूस घरी येणारच, त्यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. पण त्याच्याबरोबर साथ आत आली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. १६३३ मध्ये उरलेले लोक चर्चमध्ये जमले आणि बोलले, की हे थांबव, आम्ही दर दहा वर्षांनी तुझ्या दुःखसहनाचं, मरणाचं आणि पुनरुत्थानाचं नाटक करू. त्यानंतर गावात प्लेगने कोणी दगावलं नाही अशी त्यांची श्रद्धा. १६३४ ला पहिला खेळ झाला तो चर्चशेजारच्या कबरस्तानात, प्लेगने गेलेल्यांच्या ताज्या कबरींवर.

जर्मन लोक याला 'गेल्युब्डे' म्हणतात, इंग्रजीत 'व्हाउ'. माझ्या बाबांना फोनवर सांगितलं तर ते एका शब्दात म्हणाले, "म्हणजे नवस." आणि पुढे, "मग फेडायलाच हवा. नाटक बरं आहे की वाईट हा प्रश्न त्यानंतरचा."

बाबा कुडाळकडचे. दशावतार बघत वाढलेले, शाळामास्तर, आता सत्तरी ओलांडलेली. त्यांना घेऊन जायचं ठरवून २०२० ची तिकिटं काढली, आणि प्लेगमुळे सुरू झालेलं नाटक करोनामुळे पुढे गेलं. मार्च २०२० मध्ये जाहीर झालं, पहिला खेळ मे महिन्यात होता. वर्षभर वाढवलेले केस लोकांनी एका आठवड्यात कापून टाकले म्हणे. मग २०२१ च्या राखेच्या बुधवारी पुन्हा फर्मान, पुन्हा दाढ्या.

शेवटी मे २०२२ च्या अखेरीस आम्ही तिघं गेलो. म्युनिकहून मुर्नाऊ, तिथे गाडी बदलून ओबरआमरगाऊ. पावणेदोन-दोन तास. ही शेवटची गाडी म्हणजे दोन डब्यांची खेळण्यातली रेल्वे वाटावी अशी. कुरणं, दलदल, गायींच्या गळ्यातल्या घंटा. तेव्हा रेल्वेत मास्क सक्तीचे होते, त्यामुळे अख्खा डबा नाक झाकून एका साथीच्या नवसाला निघाला होता. बाबांना याची फार गंमत वाटली.

खोली एका घरात घेतली होती. बाईंनी दार उघडलं, आणि मागून त्यांचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा येऊन बाबांची बॅग घेऊन वर गेला. केस खांद्यापर्यंत, पायात फुटबॉलचे मोजे. "तू पण आहेस का नाटकात?" "हो, गर्दीत." एवढंच बोलला.

नाटक दुपारी अडीचला सुरू होतं. अडीच तास झाले की जेवणाची सुट्टी, ती तब्बल तीन तासांची. मग रात्री आठ ते साडेदहा. प्रेक्षागृह साडेचार हजारांच्या आसपास माणसांचं, लोखंडी कमानींवर उभं, रेल्वे स्टेशनसारखं. प्रेक्षकांवर छप्पर, पण रंगमंचाच्या बाजूने उघडं, त्यामुळे देखाव्याच्या मागे खरा डोंगर दिसतो आणि मधूनच एखादा पक्षी येरुशलेमवरून उडत जातो.

सुरुवातीला येशू गाढवावर बसून येतो. मंचावर आधी दहा-वीस माणसं, मग पन्नास, मग मी मोजणं सोडलं. शेकडो. म्हाताऱ्या, कडेवरची बाळं, झावळ्या हलवणारी पोरं. आणि हे सगळे रोजचे शेजारी असल्यासारखे उभे. कुणी एकमेकांशी बोलतंय, कुणी पोराचा हात ओढतंय. भाड्याने आणलेली गर्दी अशी उभी राहत नाही.

मध्ये मध्ये 'जिवंत चित्रं' येतात. पडदा उघडतो, बायबलच्या जुन्या करारातला प्रसंग, माणसं अगदी पुतळ्यासारखी निश्चल, आणि बाजूला वाद्यवृंद नि गायक. स्वर्गातून हाकलले गेलेले आदाम-हव्वा, लाल समुद्र ओलांडणारे इस्राएल लोक. मला ही सगळ्यात आवडली. नवरा तिथेच डुलक्या घेत होता, हेही नोंदवते. संगीत मूळ रोखुस डेडलर या गावातल्याच शिक्षकाचं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं.

आता मला जे सांगायचंय ते. रात्रीचा भाग. रोमन सुभेदार पिलातासमोर येशू उभा, खाली गर्दी. अर्धी गर्दी "सोड त्याला" म्हणते, अर्धी "क्रूसावर चढव". हळूहळू दुसरा आवाज वाढत जातो. आणि त्या गर्दीत, अगदी डाव्या टोकाला, आमची बॅग वर नेणारा पोरगा. मानेच्या शिरा ताणून ओरडतोय. बाबांनी माझा दंड धरला. "अगं, हा बघ आपला!" त्यांना जर्मनचा एक शब्द कळत नव्हता. पण त्या क्षणी त्यांना सगळं नाटक कळलं असं मला वाटतं, कारण नंतर ते संहितेच्या इंग्रजी पुस्तिकेत डोकावायचे थांबले.

क्रूसावरचा प्रसंग मोठा आहे. येशू झालेला माणूस वीसेक मिनिटं वर असतो. थंडी म्हणजे थंडी, गाव साडेआठशे मीटरवर आहे. साडेचार हजार माणसांत कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

सकाळी न्याहारीला तोच मुलगा उकडलेली अंडी घेऊन आला. बाबा मराठीत म्हणाले, "काय रे, काल फार ओरडलास." मी भाषांतर केलं. तो लाजला, आणि म्हणाला, "आज पुन्हा आहे."

कुणाला जायचं असेल तर विचारा. पुढचा खेळ २०३० ला आहे, पण तयारी आधीपासून करावी लागते.

गप्पिष्ट

वा, शेवंती! वाचताना तुमच्या बाबांशेजारी बसल्यासारखं वाटलं. एक शंका. १६३४ पासून दर दहा वर्षांनी, तर मग २०३० कसं? चार आकडा यायला हवा.

शेवंती_आ

गप्पिष्ट, चांगला प्रश्न. १६८० पासून त्यांनी दशकाच्या वर्षी करायचं ठरवलं. २०२२ चा बेचाळिसावा खेळ होता. आणि मध्ये मध्ये विघ्नंही बरीच आली. १७७० ला राज्यकर्त्यांनी असल्या नाटकांवर बंदी घातली. १८७० ला फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यामुळे खेळ अर्धवट थांबला आणि ७१ ला पूर्ण केला. पहिल्या महायुद्धानंतर १९२० चा खेळ १९२२ ला झाला. १९४० ला झालाच नाही. १९३४ आणि १९८४ ला मात्र तीनशे नि साडेतीनशे वर्षांचे म्हणून जादा खेळ झाले. २०३४ ला चारशे वर्षं होतील, त्यामुळे कॅलेंडरवर तेही वर्ष पेन्सिलीने गोल करून ठेवा.

खवचट_आजोबा

लेख छान. पण तिकिटाचे आकडे सोयीस्करपणे गाळलेत. युरोपातली 'परंपरा' म्हटलं की मी आधी खिसा चाचपतो. १८८० पासून थॉमस कुकची सहल कंपनी तिथे प्रवासी आणत होती. गावाने नवसाचा धंदा केलाय असं म्हटलं तर काय चुकलं?

शेवंती_आ

आजोबा, गाळले नाहीत, विसरले. २०२२ ला तिकिटं ३० युरोंपासून १८० युरोंपर्यंत होती. आम्ही मधली घेतली. खोली आणि तिकीट एकत्र विकतात तेही आहे, ते अर्थात महाग.

धंदा आहेच. २०२२ च्या हंगामात चार लाखांच्या वर लोक येऊन गेले, आठवड्यातले पाचेक दिवस खेळ, मेपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. पण मला विचाराल तर धंदा आणि नवस यांचं भांडण लावायची गरज नाही. आपल्या जत्रेत पाळणेवाला असतो म्हणून देवी खोटी होत नाही. ज्या गावात पाच हजार माणसं आणि त्यातली अठराशेच्या आसपास मंचावर किंवा मंचामागे, त्या गावाने दहा वर्षांतून एकदा दोन पैसे मिळवले तर मिळवू देत. लाकडी मूर्तींचे भाव मात्र खरंच डोळे पांढरे करणारे. आम्ही बोटाएवढं एक मेंढरू आणलं, बस.

वसईची_पोर

धाग्यावर यायलाच हवं मला. आमच्याकडे वसईत उपासकाळात दुःखसहनाचे प्रसंग करतात, क्रूसाची वाट चालतात. मी लहानपणी येरुशलेमच्या बायकांमध्ये उभी राहून खरी रडले होते, कारण येशू झालेला मुलगा आमच्या शेजारचा होता आणि त्याला मारतायत असं वाटलं. त्यामुळे शेवंती, "हा बघ आपला" हे मला आत कुठेतरी लागलं.

एक विचारते. बायकांना कामं मिळतात का? मी कुठेतरी वाचलं होतं की लग्न झालेल्या बाईला मंचावर चढू देत नसत.

शेवंती_आ

बरोबर वाचलंस. लग्न झालेल्या किंवा पस्तिशी ओलांडलेल्या बाईला भूमिका नाही, असा नियम होता. म्हणजे येशूची आई करायची तरी ती पस्तिशीच्या आतली आणि अविवाहित, आणि तिचा मुलगा तेहतीस वर्षांचा! गावातल्या काही बायका कोर्टात गेल्या, जिंकल्या, आणि १९९० पासून हा नियम गेला.

त्याच वर्षापासून दिग्दर्शन क्रिस्टियान श्ट्युकल यांच्याकडे आहे. गावातलेच, १९६१ चा जन्म, म्हणजे तेव्हा तिशीही ओलांडली नव्हती. पुढे २००० पासून ख्रिस्ती नसलेल्यांनाही घेऊ लागले. येशूला दगा देणारा शिष्य यहूदा, त्या भूमिकेतल्या २०२२ च्या दोघांपैकी एक, चेंगिझ ग्योर्युर, हा तुर्की वंशाचा मुसलमान तरुण. दुसरे दिग्दर्शक अब्दुल्ला कराजा हेही तसेच.

तारकर्ली७

दोन यहूदा?

शेवंती_आ

हो, प्रत्येक मोठी भूमिका दोघांत वाटलेली असते, आळीपाळीने करतात. शंभरावर प्रयोग एकट्याने कोण करणार, शिवाय नोकऱ्या असतात. २०२२ च्या दोन येशूंपैकी एक नाट्यगृहाची प्रसिद्धी सांभाळणारा, दुसरा विमान-अवकाश अभियांत्रिकीचा विद्यार्थी. कोणाला कोणती भूमिका हे आधी फुटत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात नाट्यगृहासमोर काळे फळे लावून त्यावर खडूने एकेक नाव लिहिलं गेलं आणि गाव खाली माना वर करून उभं. बाबा म्हणाले, दहावीचा निकाल बोर्डावर लावायचे तसं.

रानपाखरू

एक कडवट बाजू राहिली, ती लिहितो. हे नाटक कित्येक पिढ्या ज्यूद्वेष पसरवत होतं. ज्यूंचा मुख्य याजक कयफा आणि त्याची मंडळी म्हणजे शिंगांच्या टोप्या घातलेले खलपुरुष, येशूच्या मरणाचा दोष सरसकट सगळ्या ज्यू लोकांवर. हिटलर १९३० ला आणि पुन्हा १९३४ ला हे नाटक बघायला आला होता, आणि त्याला ते का आवडलं हे सांगायला नको. युद्धानंतरही बराच काळ गावाने संहितेला हात लावला नाही. १९६५ ला व्हॅटिकनने ज्यूंवर सामूहिक दोष ठेवणं चूक असं स्पष्ट म्हटलं तरी १९७० चा खेळ जवळपास जुन्याच संहितेवर झाला आणि अमेरिकेतल्या ज्यू संघटनांनी बहिष्कार पुकारला.

मी २०१० ला बघितलं. तोपर्यंत बरंच बदललं होतं. पण गावाच्या निष्पाप श्रद्धेची गोष्ट सांगताना हे सोडलं तर अर्धंच सांगितलं असं होतं.

शेवंती_आ

रानपाखरू, मान्य. मी सोडलं कारण मला बाबांबद्दल लिहायचं होतं, पण धाग्यात हे हवंच होतं.

२०२२ चं जे मी पाहिलं त्यात येशू हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ज्यू आहे. शिष्य त्याला 'रब्बी' म्हणतात. मंदिरात सगळी गर्दी हिब्रूमध्ये 'शमा इस्राएल' ही ज्यूंची प्रार्थना गाते, आणि ते अंगावर येतं. "त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर" हा उद्गार संहितेतून काढलाय. आणि मी वर लिहिलं तशी गर्दी दुभंगलेली आहे. मला वाटतं नाटक त्यामुळेच चांगलं झालंय. एकमुखाने ओरडणारी गर्दी म्हणजे नुसता आवाज. पण शेजारी शेजारी उभे असलेले दोघं उलटसुलट ओरडायला लागले की बघणारा आपोआप विचार करतो, आपण कुठे असतो.

रानपाखरू

हे पटलं. आणि २०१० मधला एक बदल सांगतो. तोवर नाटक सकाळी सुरू व्हायचं. श्ट्युकलना क्रूसाचा प्रसंग अंधारात हवा होता. गावात यावरून एवढं रण माजलं की मतदान घ्यावं लागलं! दुपार-रात्रीच्या बाजूने कौल गेला. नाटकाची वेळ ठरवायला सार्वमत, असं दुसरीकडे कुठे झालं असेल असं वाटत नाही.

सुमेधा_ब

अप्रतिम धागा. भर घालते. रवींद्रनाथ टागोर १९३० ला जर्मनीत होते तेव्हा त्यांनी हे नाटक पाहिलं. त्यावरून त्यांनी 'द चाइल्ड' ही दीर्घ कविता लिहिली, तीही थेट इंग्रजीत. नंतर तिचंच बंगालीत 'शिशुतीर्थ' झालं. त्या कवितेतही रात्र आहे, अंधारात चालणारी गर्दी आहे, आणि ती गर्दीच आपल्या वाटाड्याला मारून टाकते. म्हणजे हिटलर आणि टागोर यांनी एकाच उन्हाळ्याच्या हंगामात तेच नाटक पाहिलं. एकाच मंचावरून दोघं किती वेगळं घेऊन गेले.

गप्पिष्ट

सुमेधाताई, हे अजिबात ठाऊक नव्हतं. शहारा आला.

तारकर्ली७

माझे साधे प्रश्न. १) जर्मन येत नाही, कंटाळा येईल का? २) आईला गुडघेदुखी आहे. ३) शाकाहारी जेवण? ४) लहान मुलं? आणि शेवंतीताई, कुडाळचे म्हणजे आमच्याच गाववाले की!

शेवंती_आ

गाववाले, देव बरे करो! बाबांना सांगते.

भाषा: संहितेची इंग्रजी पुस्तिका मिळते. पण डोकं पुस्तिकेत घालून बसू नका. आदल्या रात्री बायबलच्या चार शुभवर्तमानांपैकी एकातले शेवटचे काही अध्याय मराठीत वाचून जा. बाबांनी मत्तयचे वाचले होते. पिलात, कयफा, येशूचा शिष्य पेत्र, येशूऐवजी सोडलेला कैदी बरब्बा एवढी नावं ओळखीची असली की पुरे, नावं जर्मनमध्येही ऐकू येतात.

गुडघे: गाव सपाट आहे, स्टेशनपासून सगळं चालत. त्रास बसण्याचा आहे. अडीच तास सलग, दोनदा. रांगेच्या कडेची जागा मिळते का बघा. आणि मे असो की जुलै, रात्रीसाठी जाड कपडे हवेतच. मी बाबांना "उन्हाळा आहे" म्हणून पातळ स्वेटरवर नेलं होतं. शेजारच्या जर्मन आजींनी न विचारता आपल्या घोंगडीचं अर्धं टोक त्यांच्या मांडीवर टाकलं. पुढचे अडीच तास दोघं एका घोंगडीत. एकमेकांशी एक शब्द बोलणं शक्य नव्हतं, पण यहूदा गळफास घेतो तेव्हा दोघांनी एकदमच "च्च" केलं.

जेवण: सुट्टी तीन तासांची असली तरी हजारो लोक एकाच वेळी भुकेले असतात. टेबल आधी सांगून ठेवा. शाकाहारी लोकांना केझेश्पेट्झले मिळतं, चीज नि तळलेला कांदा घातलेल्या जाडसर मऊ शेवया, पोटभरीचं. आम्ही टेबल राखलं नव्हतं, म्हणून नदीकाठच्या बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वाईट काहीच झालं नाही.

मुलं: दहाच्या आतल्यांना नेऊ नका असं माझं स्पष्ट मत. फटके मारण्याचा प्रसंग आहे, गळफास आहे, आणि पाच तास आहेत.

आणि हो, आत फोटो काढायला बंदी. फोन बंदच ठेवा.

खवचट_आजोबा

माझ्या साडूला एका सहल कंपनीने 'ओबरआमरगाऊ दर्शन' म्हणून नेलं आणि रिकाम्या नाट्यगृहासमोर फोटो काढून परत आणलं. तेही नाटकाच्या वर्षात. तिकीट 'समाविष्ट' या शब्दाचा अर्थ त्यांनी नंतर समजावून सांगितला. तेव्हा कागदावर खेळाची तारीख आणि खुर्चीचा वर्ग लिहून घ्या.

शेवंती_आ

आजोबा, हे फार कामाचं सांगितलंत. २०२० च्या खेळाची विक्री २०१८ पासूनच सुरू झाली होती. तो अंदाज धरून गावाच्या अधिकृत ठिकाणी लक्ष ठेवा, मधल्या माणसाची गरज नाही. आणि राहायचं गावातच किंवा जवळपास. रात्री साडेदहाला बाहेर पडून म्युनिकची गाडी पकडायच्या भानगडीत म्हाताऱ्या माणसांना घालू नका. जाताना चौघं-पाचजण असाल तर बव्हेरिया राज्यातलं रेल्वेचं दिवसभराचं बायर्न-तिकीट सगळ्यांत स्वस्त. फक्त कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालतं, विसरू नका.

वसईची_पोर

२०३० पर्यंत थांबवत नाही. नाटक नसताना गावात काही आहे का?

रानपाखरू

भरपूर. घरांच्या भिंतींवरची चित्रं बघायला एक दुपार काढा, 'ल्युफ्टलमालेराय' म्हणतात. पिलातुसहाउसवर फ्रान्त्स झेराफ त्स्विंकने १७८४ मध्ये असे खांब आणि जिने रंगवलेत की जवळ जाऊन भिंत चाचपावीशी वाटते. नाट्यगृह आतून दाखवतात. एटालचा मठ चार-पाच किलोमीटरवर, १३३० चा. लिंडरहोफ शेवंतींनी सांगितलंच. तो राजवाडा बांधणाऱ्या बव्हेरियाच्या लुडविग राजासाठी १८७१ ला खास एकट्याचा खेळ झाला होता, आणि खूश होऊन त्याने गावाला दगडी क्रूस-शिल्प दिलं, ते टेकाडावर आहे, चढून जा. त्याने सगळ्या नटांना चांदीचे चमचे दिले आणि यहूदा करणाऱ्याला मात्र पत्र्याचा, अशी गोष्ट गावात सांगतात.

आणि अगदीच नाटक हवं असेल तर ऑस्ट्रियात कुफश्टाईनजवळ एर्ल नावाचं आणखी छोटं गाव आहे, दीड हजारांच्या आसपास वस्ती. तिथे १६१३ पासूनची परंपरा, दर सहा वर्षांनी. २०२५ ला झालं. माणूस मंचापासून जवळ बसतो, प्रेक्षागृहही लहान, गर्दी बेताची. काही बाबतींत मला तेच जास्त आवडलं.

तारकर्ली७

पत्र्याचा चमचा! बिचारा. काम तर सगळ्यांत अवघड त्याचंच.

शेवंती_आ

बाबांना हा धागा वाचून दाखवला. चमच्यापाशी थांबवलं मला. म्हणाले, "आमच्या दशावतारात संकासुर करणाऱ्याला सकाळी पहिला चहा मिळायचा. रात्रभर सगळ्यांच्या शिव्या खाल्लेल्या असतात ना त्याने."

एक सांगायचं राहिलं. त्या घरमालकिणीचा पत्ता कुणाला हवा असेल तर इथे देणार नाही, त्यांना विचारून खासगी निरोपात कळवीन. मुलगा आता शिकायला बाहेरगावी असतो असं नाताळच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं. केस कापलेत. २०२९ च्या राखेच्या बुधवारपासून पुन्हा वाढवणार आहे म्हणे, आणि या खेपेला त्याला गर्दीत नाही, पेत्राचं काम हवंय.